संकट येण्याआधीची बैठक



आज आम्हाला विषय दिलाय तो असा : कामाच्या ठिकाणी चांगली टीम कशी बांधायची आणि तिथे काम करता करता स्वतःचा विकास कसा करायचा. पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा विषय कशाला दिला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. आमच्याही आलं होतं. संयोजकांना तसं विचारलं तर ते म्हणाले, ‘सर, मॅनेजमेंटवाले खूप झाले.’ म्हणजे आमची निवड गुणांमुळे झालेली नाही, एवढं पहिल्यांदाच स्पष्ट करतो.

आणि ‘टीम’ हाच शब्द आम्ही वापरणार आहोत. ‘चमू’ हा शब्द वर्तमानपत्रात वाचतो, पण बोलताना तो कोणाच्या तोंडून ऐकल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

सुरुवात एका तरुणापासून करू. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा इथे मानकोलीच्या बाजूला एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. हाताखाली बावीस माणसं. दिवाळीनंतर तो घरी आला. म्हणाला, ‘सर, कंपनीने आम्हाला टीम बिल्डिंगचं ट्रेनिंग दिलं. एका रिसॉर्टवर नेलं. डोळे बांधून मागच्या मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. सगळ्यांनी झेललं, टाळ्या वाजल्या. सोमवारी परत ये रे माझ्या मागल्या. चुकीचा माल गाडीत चढला की बावीसच्या बावीस माणसं छताकडे बघतात. कोणी काही सांगत नाही. माणसं माझं ऐकत नाहीत, काय करू?’

त्याला तेव्हा जे सांगितलं तेच आज जरा पसरून सांगणार आहोत. आम्ही त्याला म्हटलं, ‘माणसं तुझं ऐकत नाहीत हे नंतर बघू. तू त्यांचं कधी ऐकलंस?’ तो गप्प बसला. मग आम्ही त्याला भिवंडीचीच एक गोष्ट सांगितली, त्याच्या जन्माच्या आधीची.

पण त्याआधी दोन मिनिटं एका फ्रेंच माणसासाठी. रिंगेलमान नावाचा एक शेतकी अभियंता होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं. १९१३ मध्ये त्याने ते छापलं. त्याला दिसलं ते असं, की दोराला माणसं वाढत गेली तसा एकूण जोर वाढला खरा, पण दर माणशी जोर कमी कमी होत गेला. म्हणजे दहा माणसं एका दोराला लावली की दहापट बळ मिळतं, हा आपला भ्रम आहे. काही जोर एकमेकांच्या ओढीचा मेळ न बसल्याने वाया जातो, काही ‘बाकीचे आहेत की’ या भावनेत जातो. माणसं एकत्र उभी केली म्हणजे टीम झाली असं नाही, एवढंच यातून घ्यायचं.

आता भिवंडी. जे बाहेरगावाहून ऐकताहेत त्यांच्यासाठी सांगतो, हे यंत्रमागाचं गाव. इथे कापड कसं होतं? सूत येतं, त्याला सायझिंगमध्ये कांजी लागते, ते बीमवर चढतं. कांडीवाला कांड्या भरतो, मागवाला एकाच वेळी चार-सहा माग सांभाळतो, मागात बिघाड झाला की जॉबर येतो. यातला एक जण अडला की पुढचा अडतो. माग एकाचा, सूत दुसऱ्याचं, मजुरी तिसऱ्याची, कापड उचलणारा व्यापारी चौथा. आणि हे चौघं एका धर्माचे, एका भाषेचे असतील असं नाही. उर्दू, मराठी, तेलुगू, हिंदी, सगळं एका शेडमध्ये. (इथे वक्ते लोक ताण्याबाण्याची उपमा देतात. आम्ही देणार नाही. ती आता फार विरली आहे.)

उपमा न देण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते गंभीर आहे. इतकं एकमेकांत गुंतलेलं काम असूनही हे गाव दोनदा जळलं. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली, तिचे पडसाद जळगाव आणि महाडला उमटले. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची चौकशी केली, मोठा अहवाल दिला. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, पुन्हा तेच. या वेळी आग ठाण्या-मुंबईपर्यंत गेली, शेकडो माणसं मेली, माग जळाले. आम्ही तेव्हा तरुण प्राध्यापक होतो. जळालेल्या सुताचा वास कसा असतो ते आम्हाला माहीत आहे, त्याबद्दल अधिक बोलत नाही.

विचार करा. एकमेकांवाचून ज्यांचं एक वार कापड निघत नव्हतं, अशीच माणसं त्या गावात राहत होती. म्हणजे परस्परांवर अवलंबून असणं आणि परस्परांवर विश्वास असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कामातून आपोआप येते, दुसरी येत नाही. मागवाला आणि जॉबर दिवसभर एकाच शेडमध्ये असत, पण बोलणं काय व्हायचं? ‘पट्टा तुटला.’ ‘येतो.’ त्या आवाजात यापेक्षा जास्त बोलताही येत नाही. तुमच्या ऑफिसात माग नाहीत, पण बोलणं यापेक्षा फार वेगळं होतं का, हे ज्याचं त्याने तपासावं.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्याआधीही गावात शांतता समिती होतीच. प्रत्येक गावात असते. तिचं स्वरूप तुम्हाला ठाऊक आहे : आमदार, नगरसेवक, दोन-चार पुढारी, एखादा डॉक्टर, एखादा वकील आणि आमच्यासारखा एखादा प्राध्यापक. सण जवळ आला किंवा तणाव झाला की बैठक. चहा, वेफर्स, ‘आपल्या गावाची परंपरा’ यावर भाषणं, फोटो. ही माणसं वाईट नसतात. पण दंगल ज्या गल्लीत सुरू होते त्या गल्लीत यातला कोणीच राहत नाही. आणि ही समिती जमते ती घर पेटल्यावर, किंवा धूर दिसू लागल्यावर.

खोपडे यांनी ही रचना उलटी केली. त्यांनी गावभर मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सत्तरच्या आसपास. त्यात पुढारी नकोत, त्या त्या वस्तीतली साधी माणसं हवीत, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. पानवाला, मागवाला, मास्तर, दुकानदार. आणि बैठक कधी? तणाव नसताना. नियमाने. विषय कोणते? नळ, गटार, रस्त्यात लावलेली हातगाडी, नवरा-बायकोचं भांडण, पोरांची मारामारी. आम्ही सुरुवातीला हसलो होतो, खरं सांगतो. आम्हाला वाटलं, दोन दंगली झालेल्या गावात हा माणूस गटारावर चर्चा करतोय.

तिसरी गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. या समित्यांचं काम त्यांनी मोठ्या साहेबांच्या हाती ठेवलं नाही, त्या भागातल्या पोलीस कर्मचाऱ्याकडे, अगदी शिपायाकडे सोपवलं. आपल्याकडे पोलीस शिपाई म्हणजे कोण? हुकूम ऐकणारा. बंदोबस्ताला उन्हात उभा राहणारा. साहेबाला सलाम ठोकणारा. त्याला काय वाटतं, हे विचारायची पद्धत त्या खात्यात नाही. अशा माणसाला सांगितलं गेलं : ही वस्ती तुझी, इथली माणसं तुला ओळखली पाहिजेत, इथे काय शिजतंय ते तुला कळलं पाहिजे, आणि तू सांगशील ते आम्ही ऐकू.

आमच्या गल्लीतल्या एका बैठकीला आम्ही मुद्दाम गेलो होतो. शाळेच्या ओट्यावर सतरंजी. वीस-पंचवीस माणसं. शिपाई मध्ये बसलेला, तिशीचा असेल, टोपी मांडीवर, बोलताना अडखळत होता. वाद असा होता की सुताच्या गोण्या घेऊन येणारे टेम्पो दुपारी गल्ली अडवतात. एक जण म्हणाला, टेम्पो बंद करा. दुसरा म्हणाला, मग माग बंद करू का? मागवाला मुसलमान होता, तक्रार करणारा हिंदू, आणि पाचव्या वाक्याला दोघांचीही वाक्यं ‘तुम्ही लोक’ अशी सुरू व्हायला लागली. तिथे आमच्यासारख्याने छोटंसं भाषण ठोकलं असतं. शिपायाने एकच विचारलं, ‘शाळा किती वाजता सुटते?’ कोणीतरी सांगितलं. ‘मग टेम्पो तासाभराने आला तर?’ दोघं जण एकमेकांकडे बघत राहिले. मागवाल्याला टेम्पो कधी येतो याच्याशी देणंघेणंच नव्हतं, तो येतो एवढंच हवं होतं. तक्रारदाराची अडचण टेम्पो नव्हता, शाळेतून येणारी नात होती. पाच मिनिटांत विषय संपला.

हे पाहून आम्हाला आठवण झाली ती मेरी पार्कर फॉलेट या बाईंची. १८६८ चा जन्म, अमेरिकेतल्या बोस्टनच्या. व्यवस्थापनशास्त्रात आज त्यांचं नाव आदराने घेतात, पण त्यांनी सुरुवात कारखान्यात केली नव्हती. बोस्टनच्या गरीब वस्त्यांत शाळांच्या इमारती संध्याकाळी लोकांसाठी उघडून देणं, तिथे वस्तीच्या बैठका भरवणं हे त्यांचं काम. म्हणजे मोहल्ला समितीच म्हणा ना! तिथे जे दिसलं ते त्यांनी पुढे उद्योगांना सांगितलं. त्या म्हणत, सत्ता दोन प्रकारची : माणसांवर गाजवायची आणि माणसांसोबत वापरायची. आणि हुकूम साहेबाचा नसावा, परिस्थितीचा असावा. परिस्थिती काय मागते हे दोघांनी मिळून पाहिलं की कोणी कोणाचं ऐकलं हा प्रश्नच उरत नाही. वादाबद्दल त्यांचं उदाहरण वाचनालयातल्या खिडकीचं आहे. एकाला उघडी हवी, एकीला बंद. उत्तर निघालं ते शेजारच्या खोलीतली खिडकी उघडण्याचं. त्याला हवा मिळाली, हिच्या अंगावर वारा आला नाही. आमच्या शिपायाने फॉलेट वाचलेल्या नव्हत्या. आम्ही वाचल्या होत्या, आणि आम्हाला ते सुचलं नव्हतं.

आता ‘स्वतःचा विकास’. या नावाखाली आज जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं माणसाने एकट्याने करायचं असतं. पहाटे उठा, डायरी लिहा, आरशासमोर उभं राहून स्वतःला काही सांगा. करा, नुकसान नाही. पण ॲरिस्टॉटलचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, गवंडी घरं बांधत बांधत गवंडी होतो, आणि माणूस न्यायाची कामं करत करत न्यायी होतो. आधी गुण येऊन मग काम होत नाही, काम आधी असतं. त्यात एक अट लपलेली आहे, जिच्याकडे आपलं दुर्लक्ष होतं. गवंड्याला घर बांधायला कोणीतरी दिलं पाहिजे. नुसत्या विटा वाहायला लावलेल्या माणसाला ‘तू स्वतःचा विकास का करत नाहीस’ असं विचारणं ही चेष्टा आहे. तो शिपाई पहिल्या बैठकीत अडखळत होता. वर्षभराने आम्ही त्याला पुन्हा पाहिला तेव्हा तो दोन भांडणाऱ्यांमध्ये सतरंजीवर निवांत बसला होता. त्याला वक्तृत्वाचा वर्ग कोणी लावला नव्हता. त्याला एक गल्ली दिली होती.

याच्या उलट उदाहरण आमचं स्वतःचं. मोहल्ला समितीचं एवढं कौतुक केलं, आता आमची कथा ऐका. त्यानंतर काही वर्षांनी आम्ही एका महाविद्यालयात विभागप्रमुख झालो. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका तेव्हा सायक्लोस्टाइल व्हायच्या. एका सकाळी पेपर वाटले आणि वर्गात गलका झाला. एक पूर्ण प्रश्न जुन्या अभ्यासक्रमातला होता, तीन वर्षांपूर्वी वगळलेला. प्रश्नपत्रिका आमची. आम्ही चिडलो, अर्थातच दुसऱ्यांवर. नंतर कळलं की छापणाऱ्या लिपिकाला ते आठ दिवस आधी दिसलं होतं. अभ्यासक्रम बदलल्याचं परिपत्रक त्यानेच टाइप केलं होतं, म्हणून त्याच्या लक्षात होतं. आम्ही त्याला बोलावून विचारलं, मग सांगितलं का नाही? तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘सर, मागच्या वर्षी मी एक चूक दाखवली तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझं काम छापायचं, वाचायचं नाही.’

आम्हाला ते वाक्य आठवत नव्हतं. त्याला तारखेसकट आठवत होतं. साहेब लोक बोलून विसरतात, ऐकणारे विसरत नाहीत. त्या एका वाक्याने आम्ही त्या माणसाची नजर आमच्या विभागापुरती बंद करून टाकली होती.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या. तिची अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! तिने खोलात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी परिचारिका गप्प बसायच्या. त्यामुळे एखादा साहेब अभिमानाने म्हणाला की ‘माझ्या विभागात तक्रारी शून्य’, तर आम्हाला आता जरा भीती वाटते.

परत भिवंडीकडे. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत जे झालं ते तुम्ही जाणता. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले. भिवंडी मुंबईपासून पन्नास किलोमीटरच्या आत, आणि दंगलीचा इतिहास असलेलं. सगळ्यांना वाटलं, आता तिसरी वेळ. ती आली नाही. आम्ही रात्री जागे होतो, सगळं गाव जागं होतं. अफवा येत होत्या : अमुक ठिकाणी जमाव जमलाय, तमुक गल्लीत दगड आणून ठेवलेत. फरक एवढाच होता की आता विचारायचं कोणाला हे लोकांना माहीत होतं. पलीकडच्या गल्लीतल्या ज्या माणसाशी टेम्पोवरून भांडण झालं होतं, त्याचं नाव ठाऊक होतं. अफवा खरी की खोटी हे त्यालाच विचारता येत होतं.

सगळं श्रेय समित्यांचं, असं आम्ही म्हणणार नाही. दोन दंगलींनी पोळलेलं गाव होतं, धंदा बुडाल्याची आठवण ताजी होती, पोलीस सावध होते. पण आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संबंधांवरच्या २००२ च्या त्यांच्या पुस्तकात भिवंडीच्या या प्रयोगाची दखल घेतली आहे. दोन समाजांची माणसं एकत्र येणाऱ्या संस्था गावात असतील तर अफवा आणि चिथावणी पचवायची ताकद गावाला येते, असं त्यांचं म्हणणं आहे. मुंबईतही १९९४ मध्ये सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समितीची चळवळ उभी राहिली. दंगलीनंतर, हेही लक्षात ठेवा.

गोष्ट इथे संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण जुलै २००६ सांगितल्याशिवाय आम्हाला उठता येणार नाही. याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पोलीस आणि जमाव समोरासमोर आले. गोळीबारात दोन माणसं गेली, आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केलं. हिंदू विरुद्ध मुसलमान असं ते नव्हतं, पण ज्या गावात शिपाई सतरंजीवर बसत होता त्याच गावात ते झालं. आमच्या गल्लीतली बैठक बंद पडून तोवर बरीच वर्षं झाली होती. का बंद पडली? भांडण झालं नाही, कोणी बंदी घातली नाही. अधिकारी बदलत गेले, शिपायांच्या बदल्या झाल्या, ‘आता सगळं शांत आहे, कशाला दर वेळी जमायचं’ असं लोक म्हणू लागले. आम्ही स्वतः दोनदा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही. एक घटना झाली म्हणून दुसरी झाली, असा सरळ कार्यकारणभाव आम्ही जोडत नाही. तर्कशास्त्र शिकवलंय, एवढं भान आहे. पण त्या रात्री आमच्या भागाच्या शिपायाचं नाव आम्हाला सांगता आलं नसतं, हे खरं आहे.

हे सगळं त्या सुपरवायझर मुलाला सांगून झालं, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, पण मी काय करू?’ तरुणांचं हे बरं असतं. आम्ही म्हटलं, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना उभ्या उभ्या जमव. माल चुकीचा गेला त्या दिवशी नाही, रोज. टार्गेटवर तू बोलू नकोस, ते भिंतीवर लिहिलेलंच आहे. आणि बैठक तू चालवू नकोस. रोज वेगळ्याने चालवायची, लोडिंगवाल्यानेही.

‘ते बोलतील?’

‘नाही बोलणार. थांब.’

तीन दिवस कोणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी एकाने पिण्याच्या पाण्याचा विषय काढला, तो याने त्याच दिवशी मार्गी लावला. हे त्याने फार बरं केलं. दुसऱ्या आठवड्यात पॅकिंगवरची एक मुलगी म्हणाली की दोन नंबरच्या रॅकवरचा दिवा पिवळा आहे. रात्रपाळीला त्या उजेडात निळं लेबल आणि हिरवं लेबल सारखंच दिसतं, म्हणून खोकी बदलतात. वर्षभर चुकीचा माल जात होता, त्यातला बराचसा त्या रॅकवरून. तिला ते सहा महिन्यांपासून माहीत होतं. याने विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘विचारलं कुठे कोणी?’

हे सांगायला त्याने आम्हाला रात्री अकरा वाजता फोन केला होता. आम्ही विचारलं, मग बदलला का दिवा? तो म्हणाला, ‘वर मेल टाकलाय, सर.’ दिवा बदलायला आणखी नऊ दिवस लागले. तोवर त्या मुलीने आपणहून निळ्या लेबलवर स्केचपेनने एक फुली मारायला सुरुवात केली होती. दिवा बदलला तरी ती फुली अजून चालू आहे, असं तो परवा सांगत होता.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, त्या ताईंना माइक द्या.